लाल पाकिटावरची स्लिप

“चावून बघा, सर,” मी म्हटलं आणि ते बी त्यांच्या टेबलावरच्या काचेवर ठेवलं.

ओगलेसरांनी चष्मा कपाळावर सरकवला. जवाच्या दाण्यासारखं लांबट, तपकिरी बी. एका टोकाला रेशमासारख्या केसांचा झुपका. तो मी मुद्दामच काढला नव्हता.

“काय आहे हे?”

“इंद्रजव. एकेचाळीस नंबरच्या झाडाचं.”

“आणि मी ते चावायचं?”

“कडू लागलं तर झाड पांढरा कुडा. कडू नाही लागलं तर काळा कुडा. आपल्या पाकिटावर काळा कुडा लिहिलंय.”

“केळुसकर, मी वैदू नाही. पस्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघतोय. जिभेनं वनस्पतिशास्त्र करायची वेळ अजून आलेली नाही माझ्यावर.”

“शेंगा पण आणल्यात मी.”

“आणा, सगळी देवराई उचलून आणा!” त्यांनी बी बोटानं टेबलाच्या कडेला ढकललं. “माझ्या ग्रंथाची पानं छापखान्यात गेलीत. सोमवारी तुमची मुलाखत आहे. त्या समितीत मी आहे. तुम्ही काय करताय, कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय, सर.”

“हे नाव देताना मी काय विचार केला होता, तेही ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे, सर.”

“मग बी उचला आणि कामाला लागा.”

मी बी उचललं. कामालाही लागले. पण त्यांना वाटलं त्या कामाला नाही.

ही एकोणीसशे एकोणसत्तरची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत शिष्यवृत्तीवर होते आणि ती मार्चअखेर संपणार होती. कायमच्या नोकरीची एक जागा निघाली होती. ती मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते, मीही.

आमचं काम म्हणजे पानांवरचे ठिपके. आंब्याच्या, करंजाच्या, रानातल्या कुठल्याही झाडाच्या पानावर गोल, तपकिरी, कधी पिवळ्या कडेचे ठिपके पडतात ना, त्यांतले पुष्कळसे बुरशीचे असतात. लोकांच्या लेखी ते पान खराब झालेलं. आमच्या लेखी तेच कामाचं. ठिपका सुईनं खरवडायचा, काचेवर थेंबात घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग बुरशीचे बीजाणू दिसतात, सुईसारखे लांब आणि आडव्या पडद्यांनी कप्पे पडलेले. ते मोजायचे, काढायचे आणि ठरवायचं की ही बुरशी कोण.

आता अडचण अशी की हे बीजाणू एकमेकांसारखे दिसतात. म्हणून त्या काळी आमच्या क्षेत्रात एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. बुरशी ज्या झाडावर आहे ते झाड आधी बघायचं. ओगलेसर वर्गात फळ्यावर खडू आपटून सांगायचे, “झाड बदललं, की बुरशी बदलली!” त्या झाडावर आधी कुणी अशी बुरशी नोंदवली नसेल तर तुमच्या हातात नवी जात. सरांच्या ग्रंथात अशा चौऱ्याऐंशी जाती होत्या. एकतीस नव्या.

सगळी मदार झाडाच्या नावावर. आणि ते नाव पाकिटावर लिहायचो आम्ही, रानात, घाईघाईत, ओल्या पेन्सिलीनं.

एकेचाळीस नंबर मी लिहिला होता. राजापूर तालुक्यातल्या एका देवराईत, दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात. खालच्या फांद्यांची पानं ठिपक्यांनी भरलेली. पान तोडलं की दूध निघत होतं. कुडा आहे हे नक्की. आदल्या दिवशी खाली ओढ्यापाशी काळा कुडा बघितला होता, म्हणून हाही काळाच असं धरून मी लिहून टाकलं. झाडाला पत्र्याचा बिल्ला बांधला आणि पुढं गेले. काळ्या कुड्यावर ही बुरशी कुणी नोंदवली नव्हती. सरांनी तपासलं आणि नवी जात जाहीर केली.

एकोणसत्तरच्या जानेवारीत सरांनीच मला परत तिकडं पाठवलं. नव्या जातीचे आणखी नमुने परदेशातल्या तीन वनस्पतिसंग्रहांना पाठवायचे होते, जास्त पानं हवी होती. देवराईजवळ गुरवाचं घर. तिथली म्हातारी सीताक्का माझ्याबरोबर आली. मी बिल्ला शोधून झाडापाशी उभी राहिले आणि म्हटलं, “हाच आमचा काळा कुडा.”

सीताक्का कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

“ह्यो काला कुडा? कुनी सांगितलान तुला?”

“मीच लिहिलंय.”

“मंग तूच खोड.” तिनं काठीनं फांदी वाकवली, एक सुकी शेंग फोडली आणि बी माझ्या हातावर ठेवलं. “चाव.”

मी चावलं. असं कडू की डोळ्यांत पाणी आलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. “पोरांच्या पोटात जंत झाले की ह्येच देतंव आम्ही. पुन्याची शिकलेली बाय, आन् मान वर करून बघत नाय!”

मी मान वर केली. फांदीफांदीला शेंगा लटकत होत्या, दोन दोनच्या जोडीनं, लांब, बारीक. काळ्या कुड्याच्या जोडीतल्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ह्या सगळ्या सुट्या होत्या. ऑक्टोबरातही तिथंच असणार, हिरव्या. मी ठिपके बघत होते. झाड बघितलंच नव्हतं.

पांढऱ्या कुड्यावरची बुरशी जुनी होती. फार पूर्वीच कुणीतरी नोंदवलेली.

परत आल्यावर लगेच मी सरांकडे गेले नव्हते. आधी संग्रहाच्या खोलीत गेले. तिथं दिघेकाका असायचे, संग्रहपाल. धोतर, वर कोट, आणि कोटाच्या खिशात कायम डांबराच्या गोळ्या. त्यांच्या वासावरून काका कुठल्या कपाटामागं आहेत ते कळायचं.

“काका, पांढऱ्या कुड्यावरचं जुनं पाकीट हवंय.”

“मयताला चाललात का? चेहरा असा कशानं पडलाय?”

“काढा ना.”

त्यांनी काढून दिलं. मी त्यातल्या पानाचा ठिपका खरवडला आणि दिवसभर बीजाणू काढत बसले. आम्ही आरसा लावलेल्या यंत्रानं चित्र काढायचो. सूक्ष्मदर्शकातली आकृती कागदावर पडते आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवायची. हाताला स्वतःचं काही घालायला जागाच नसते. पंचवीस बीजाणू जुन्या पाकिटातले, पंचवीस एकेचाळीस नंबरचे. दोन्ही पारदर्शक कागदांवर. मग एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले.

दिघेकाका मागं येऊन उभे राहिले.

“कुठला वरचा, कुठला खालचा?”

“मलाही आता सांगता येत नाही.”

काकांनी दोन्ही कागद काचेवरून काढून माझ्या हातात दिले. मग म्हणाले, “मालनताई, कागद घडी करून पर्समध्ये ठेवा. सोमवार होऊ द्या. नोकरी लागली की मंगळवारी सांगा साहेबांना.”

“मंगळवारी सांगितलं तर ते विचारतील, सोमवारी माहीत होतं का?”

“विचारू देत. तेव्हा तुम्ही कायम झालेल्या असाल. कायम माणसाला फक्त विचारता येतं.”

मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंगा आणि बी घेऊन सरांच्या खोलीत गेले आणि वर सांगितलं ते घडलं.

बी उचलून मी थेट खाली संग्रहात आले.

वनस्पतींच्या संग्रहात एक नियम असतो. कुणी कितीही मोठ्या माणसानं लिहिलेली चिठ्ठी चुकीची वाटली तरी ती खोडायची नाही, फाडायची नाही, वर कागद चिकटवायचा नाही. शेजारी आपली स्लिप लावायची. तिच्यावर आपलं मत, आपलं नाव, तारीख. पुढच्या माणसाला तुमचं चुकलं वाटलं तर त्यानं आपली स्लिप तुमच्या शेजारी लावायची. काही पाकिटांवर शंभर वर्षांचं भांडण असं रांगेत लागलेलं असतं. आमच्या खोलीच्या दारावर तो नियम टाइप करून लावला होता. खाली सही त्र्यंबक ओगले.

“काका, एकेचाळीस.”

नव्या जातीचा मूळ नमुना लाल पाकिटात ठेवतात, तो कुणी सहज हाताळू नये म्हणून. दिघेकाकांनी लाल पाकीट टेबलावर ठेवलं, पण वरचा हात उचलला नाही.

“साहेबांना विचारलंत?”

“सांगितलं.”

“ते काय म्हणाले?”

“कामाला लाग म्हणाले.”

काकांनी हात उचलला. मी स्लिप लिहिली. ‘हे झाड काळा कुडा नसून पांढरा कुडा आहे. शेंगा व बिया पाहिल्या. झाडाचे नाव मी चुकीचे लिहिले होते. बुरशी पूर्वी नोंदवलेलीच आहे, नवी नाही. मा. ग. केळुसकर.’ तारीख घातली. डिंक लावला. स्लिप थोडी तिरकी बसली. ती सरळ करायला गेले तर फाटली असती. तशीच राहू दिली.

तासाभरात सर खाली आले. कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. त्यांनी लाल पाकीट मागितलं, वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“दिघे, ही स्लिप ओली आहे अजून. काढा.”

दिघेकाका जागचे हलले नाहीत.

“काढा म्हणतोय मी.”

“साहेब,” काका म्हणाले, “इथं लावलेलं काढत नाहीत.”

“मला नियम सांगताय?”

“तुमचाच आहे. दाराला आहे.”

“माझा नियम, मीच सांगतो की काढा!”

“मग तसं लेखी द्या. तेही लावून ठेवतो, शेजारी.”

मला वाटलं आता सर ओरडणार. ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली.

“मालन, बस. तुला वाटतंय हे एका कुड्याचं आहे. ग्रंथात एकतीस नव्या जाती आहेत. त्यातल्या किती झाडांची फुलं आपण बघितली? तू, मी, माझ्या आधीच्या लोकांनी? आपण ठिपकेवाली पानं गोळा करतो, फुलं नाही. एक वीट काढलीस तर लोक बाकीच्या ठोकून बघायला लागतील.”

“बघू देत ना, सर.”

“वीस वर्षं गेली माझी त्यात.”

“मला माहीत आहे.”

“तुला काहीच माहीत नाही.” ते उठले. “स्लिप राहू दे. कपाटात कोण बघतंय? ग्रंथात जात राहील. आणि सोमवारी मुलाखतीत हा विषय निघणार नाही. तू काढायचा नाहीस. ठीक?”

मी लाल पाकीट उचलून काकांकडे दिलं. सरांनी तो होकार धरला.

सोमवारी समितीत तिघे होते. मधे सर. डावीकडे सरकारी अधिकारी, ते सगळा वेळ घड्याळाकडे बघत होते. उजवीकडे नागपूरहून आलेले प्राध्यापक मोहरील, गोल चेहऱ्याचे, पान खाणारे. त्यांनीच बोलायला सुरुवात केली.

“या बाई, बसा. तुमचे कागद पाहिले मी. कमाल आहे हो! वय सव्वीस अन् एका जातीला तुमचं नाव. आमच्याकडे लोक रिटायर होऊन जातात, तरी कुणी साधी बुरशी देत नाही. सर्कोस्पोरा केळुसकरे! सांगा की जरा तिच्याबद्दल.”

हो. ते नाव माझं होतं.

सरांनी ते मला चहाच्या सुट्टीत सांगितलं होतं, फळ्यावर लिहून, सगळ्यांसमोर. मी त्याच दिवशी वेंगुर्ल्याला बाबांना पत्र टाकलं. बाबा पोस्टात कारकून होते. त्यांनी ते पत्र पोस्टमास्तरांपासून तारवाल्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. आईनं विचारलं म्हणे, “बुरशीला नाव? बरं काही मिळालं नाही का त्यांना?” आणि मग तीच शेजारी सांगत सुटली. आमच्या घरात आधी कुणाचं नाव कशावर लागलेलं नव्हतं, दाराच्या पाटीवरसुद्धा नाही. भाड्याचं घर होतं.

सर माझ्याकडे बघत होते. धमकी नव्हती त्या बघण्यात. विनंती होती. ते जास्त कठीण गेलं.

“अशी जातच नाही, सर,” मी मोहरीलांना म्हटलं.

“म्हणजे?”

“पांढऱ्या कुड्यावरची जुनीच बुरशी आहे ती. मी पाकिटावर झाडाचं नाव चुकीचं लिहिलं. त्या चुकीवर ती जात उभी आहे. मी पाकिटाला तशी स्लिप लावली आहे.”

अधिकाऱ्यांनी घड्याळावरून मान वर केली. मोहरीलांनी तोंडातलं पान एका गालात सरकवलं आणि सरांकडे वळले.

“त्र्यंबकराव?”

“यांचं तसं मत आहे,” सर म्हणाले.

“अन् तुमचं?”

“माझं ग्रंथात येतंय.”

मोहरील पुन्हा माझ्याकडे वळले. आवाज खाली आणला, जणू सर तिथं नव्हतेच. “बाई, ही जागा हवी आहे ना तुम्हाला?”

“फार हवी आहे.”

“मग आज हे सांगायची काय गरज होती?”

“तुम्ही आज विचारलंत. आणि मला जागा हवी म्हणून काही कुड्याला वेगळ्या शेंगा लागणार नाहीत.”

मोहरील हसले. अधिकारी हसले नाहीत. सरांनी माझी फाइल बंद केली, फीत बांधली, गाठ मारली.

जागा दुसऱ्याला गेली. सोलापूरचा मुलगा होता, चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. ग्रंथ पावसाळ्याच्या सुमाराला निघाला. त्यात ती जात आहे, माझ्या आडनावासकट, चित्रासकट. चित्र मीच काढलेलं. मी कणकवलीला मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले आणि तिथंच तेहतीस वर्षं शिकवलं.

पण त्या सोमवारनंतर शिष्यवृत्तीचे सात आठवडे अजून उरले होते. दिघेकाका म्हणाले, “आता कशाला येताय रोज? रजा टाका, आंबे यायच्या आधी घरी पोचा.”

“काका, संग्रहात माझ्या हातची पाकिटं किती असतील?”

त्यांनी नोंदवही काढली. बोट फिरवत बसले. “दोनशे सात.”

“सगळी काढा.”

“सगळी?”

“एक एक करून.”

मी रोज दहाला यायची आणि साडेपाचला उठायची. प्रत्येक पाकीट उघडायचं, माझी रानातली वही काढायची आणि बघायचं, त्या दिवशी मी त्या झाडाचं फूल बघितलं होतं का? फळ? की नुसत्या पानावरून लिहिलं? नुसत्या पानावरून असेल तर स्लिप. ‘झाडाचे नाव केवळ पानावरून लिहिले आहे. खात्री नाही.’ सही, तारीख. काका सुरुवातीला टोमणे मारायचे, “डिंकाचा कोटा संपला तर पगारातून कापतील माझ्या.” पुढं पुढं ते स्वतःच स्लिपा कापून आयता गठ्ठा ठेवायला लागले. वरच्या मजल्यावरचे लोक खाली यायचे थांबले. जेवणाच्या वेळी माझ्या टेबलाशी कुणी बसत नव्हतं. ज्यांच्या हातची पाकिटं होती ते सगळे आपापल्या पाकिटांचा विचार करत असावेत.

एकतीस मार्चला दुपारी सर आले. मुलाखतीनंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यांनी टेबलावरच्या थप्प्या बघितल्या.

“किती झाल्या?”

“एकशे एकोणीस.”

“एवढ्या चुकीच्या?”

“चुकीच्या असं नाही, सर. माहीत नाही, एवढंच लिहिलंय.”

त्यांनी एक कपाट उघडलं. त्यांना शोधावं लागलं नाही, कुठल्या खणात काय आहे ते त्यांना पाठ होतं. एक जुनं लाल पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. वरची चिठ्ठी पिवळी पडलेली. झाडाचं नाव त्यांच्या तरुणपणच्या अक्षरात, आताच्यापेक्षा ठसठशीत. आत चार पानं, ठिपकेवाली. फूल नाही, फळ नाही.

“आंबोली, एकोणीसशे छत्तीस,” ते म्हणाले. “ह्या झाडाचं फूल मी आयुष्यात बघितलेलं नाही. माझी पहिली जात ही.”

मी पाकीट बघितलं आणि मिटलं.

“अशी आणखी असतील,” ते म्हणाले. “सतरा-अठरा. मी काढून देतो. तू आज जातेस. तुझ्याकडे डिंक आहे, स्लिपा आहेत. लिहून टाक.”

दिघेकाका कपाटाआड उभे होते. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

“माझ्या सहीनं?” मी विचारलं.

“आता तुला काय फरक पडतो?”

खरं तर पडत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मला त्या दारातून आत येता येणार नव्हतं. मी सतरा स्लिपा लिहिल्या असत्या तर लोक म्हणाले असते, नोकरी न मिळालेल्या बाईनं जाता जाता राग काढला. आणि सर म्हणाले असते, त्यांचं तसं मत आहे.

मी ते जुनं पाकीट उचलून त्यांच्या हातात परत दिलं. कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा आणि डिंकाची बाटली टेबलाच्या त्यांच्या बाजूला सरकवली.

“तुमच्या तुम्ही लावा, सर,” मी म्हटलं. “मी माझ्याच चुकांवर सही करते.”

साडेपाचला अजून पाऊण तास होता. मी माझं पुढचं पाकीट उघडलं.